चाळीस देवाचे

मी एक जुनी मशीन आहे, आणि मित्रांनो, फोडाफोडी हाच माझा धंदा आहे. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि कोणता किती ओझे सोसतो ते काट्यावर दाखवायचे. छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत मी राहते. तरुणपणी माझा काय तोरा होता! वाळूजच्या कारखान्यांच्या बांधकामांवरचे ठोकळे माझ्याकडे येत, आणि मी पास केल्याशिवाय पुढचा मजला चढत नसे.

एकदा जागा बदलताना मला आपटले. तेव्हापासून ओझे आले की माझा काटा चाळीस आकडे जास्त दाखवू लागला. माझे मदतनीस कडुबा मामा यांनी ही खोड ओळखली. दुरुस्तीसाठी सांगून सांगून ते थकले. मग आकडा वाचताना म्हणायचे, "चाळीस देवाचे, बाकी आपले," आणि तेवढे वजा करून वहीत लिहायचे. का ते मात्र त्यांनी कुठेच लिहून ठेवले नाही. ते निवृत्त झाले आणि माझ्या खोडीचे गुपित त्यांच्याबरोबर घरी गेले.

नंतर खुशनुमा आली. ओतकामाच्या कारखान्यांतली टाकाऊ जळकी वाळू काँक्रीटमध्ये चालेल का, यावर तिचे संशोधन होते. पोर मोठी मायाळू. काम झाले की माझ्या अंगावरची भुकटी ओढणीने पुसायची. तिचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरले. पास व्हायला पाचशे पासष्ट हवे होते, मी सहाशे दाखवले. ती नाचली. मला बोलता येत नाही याचे इतके वाईट कधीच वाटले नव्हते.

चितेगावच्या एका अंगणवाडीचा स्लॅब तिच्या मिश्रणाने भरायचे ठरले. खुशनुमाने इमरती वाटली. जुने माणूस म्हणून कडुबा मामांनाही बोलावले. मामांनी कौतुकाने तिची वही उघडली, कुठेच वजाबाकी दिसली नाही, आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"बेटा, चाळीस काढले नव्हं?"

"कौनसे चाळीस, मामा?"

"देवाचे गं! ही मशीन चाळीस जास्त बोलती."

खुशनुमाने वही ओढून वजाबाकी केली. पाचशे साठ! तिचा चेहरा पाहून मामांनाच भरून आले. म्हणाले, "जाऊ दे बेटा. पाचानं काय व्हतंय? मी नाय कुणाला बोलत."

"मामा, त्याच्या खाली लेकरं बसणार आहेत."

तिने डोळे पुसले आणि तिचे मार्गदर्शक इंद्रजीत सर यांना फोन करून स्लॅब थांबवायला सांगितले. सर धावत आले, माझ्यावरच तडकले. "भंगारात काढा ही मशीन!"

"सर, तिला नका बोलू," खुशनुमा म्हणाली. "तिची खोड माहीत असलेलं माणूस घरी गेलं, आणि जाताना आपण कुणी त्याला काही विचारलं नाही."

इतक्या वर्षांत माझी बाजू कुणी घेतली नव्हती.

आता माझी दुरुस्ती झाली आहे, काटा सरळ चालतो. मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, आणि त्यांच्या खोडी जाणणारी माणसे निवृत्त होण्याआधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. खुशनुमाने वाळू कमी करून नवे ठोकळे ओतले आहेत. सोमवारी त्यांचे अठ्ठावीस दिवस भरतील. तिचे ठोकळे पाण्यात आहेत आणि मी माझे देव पाण्यात ठेवले आहेत. पण आकडा मी खराच सांगणार. तिला तोच हवा आहे.