बंदुकीच्या कानातलं कुंकू

बंदूक उडाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ती उडालीच नाही असं रेजिमेंटच्या कमिटीनं ठरवलंय, आणि मी कमिटीचा शब्द मोडत नाही. तेव्हा बंदूक अजून स्टॅनमोरला आमच्या हॉलमध्ये पाटावर आडवी आहे. समोर माझी आई, देवयानी, पंचपाळं घेऊन बसलीय. आज खंडेनवमी.

मी शार्दूल. सोमवार ते शुक्रवार ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर, वीकेंडला जुन्या लढाया हुबेहूब करून दाखवणाऱ्या हौशी रेजिमेंटमध्ये दोनशे वर्षांपूर्वीचा सैनिक. म्हणजे त्याचं प्रेत. आमच्या रेजिमेंटमध्ये नवा माणूस आधी मरतो, मग चाचणी पास झाला की गोळीबाराच्या रांगेत उभा राहतो. तीन उन्हाळे मी गवतात पडून आहे. नाव वाघाचं, काम व्याघ्रांबराचं. यंदा स्वतःची, गारगोटीच्या ठिणगीनं उडणारी चकमकीची बंदूक घेतली, लायसन्स काढलं, पोलीस येऊन कपाटाचं कुलूप ओढून बघून गेला. येत्या रविवारी उभं राहून उडवायचीच, असं ठरवलं होतं.

“घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं कुठे असतं का?” आई म्हणाली.

“गेल्या वर्षी लॅपटॉपची केलीस. चार्जिंगचं भोक अजून लाल आहे.”

“नोकरी टिकली ना? डोळे मीट, नमस्कार कर.”

मी मिटले. तिथेच चुकलं. असल्या बंदुकीला बाजूला झाकणाची एवढीशी वाटी असते, ठिणगी पडायला चिमूटभर दारू ठेवण्यासाठी. झाकणाची वाटी दिसली आणि आईनं तिच्यात कुंकू भरलं नाही, असं आजवर झालेलं नाही. वर तेलाचं बोट. काडतुसांच्या चामडी पेटीतही हात आखडता घेतला नाही. नंतर मी वाटी पुसली. पण वाटीतून नळीत जाणारं एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. तो काही मी पुसला नाही. स्वतःचेही मी क्वचितच पुसतो.

रविवारी मैदानावर सार्जंट ग्रॅहम चाचणी घेत होता. एरवी तो साउथहॅम्प्टनला दातांचा डॉक्टर. मी चाप ओढला. वाटीतली दारू फुस्स झाली, नळीतली ढिम्म. पुन्हा ओढला. पुन्हा फुस्स.

ग्रॅहमनं नळीत पाणी ओतून दारू बाहेर काढली आणि मान वाकडी करून आत बघितलं.

“रोज साफ करतोस?”

“दोनदा. जेवणानंतर.”

“ढोल वाजेपर्यंत वेळ आहे. नाही उडाली तर गवतात.”

मी मालविकाच्या तंबूकडे पळालो. मालविका माझी शाळेपासूनची मैत्रीण; असल्या प्रत्येक लढाईला तंबू ठोकून सैनिकांना सामान विकते. गारगोट्या, गारगोटीला गुंडाळायचं चामडं, जुन्या घडणीची बटणं, बंदुकीचा कान कोरायची पितळी तार.

“तार दे.”

“काय अडकलंय?”

“आईची श्रद्धा.”

तिनं वाकून बघितलं. “काकूंनी तेलात कालवलंय. याचं आता सिमेंट झालं. माझ्या आईनं एकदा शिलाई मशीनला असं केलेलं. आम्ही मशीनच बदललं.”

तार वाकली. दुसरीही वाकली.

“मर ना आजच्या दिवस,” ती म्हणाली. “तुला छान जमतं. लोक फोटो काढतात.”

“मला उभं राहायचंय, मालविका. एकदाच.”

यावर ती हसली नाही. “मग दातवाल्याकडेच जा. किडलंय म्हणून सांग.”

मी जाऊन तसंच सांगितलं. ग्रॅहमच्या चेहऱ्यावर लगेच रविवारचा सोमवार झाला. मैदानावर आधुनिक वस्तू आणायला बंदी आहे, आणि ती बंदी त्यानंच घातलीय. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कोटाच्या अस्तरातून छोटा आरसा आणि स्टीलचा आकडा काढला. बंदूक खुर्चीवर रेलवून ठेवली.

“थोडं दुखेल,” तो तिला म्हणाला.

कुंकवाची लाल कांडी निघाली, तिच्या टोकाला एक अक्षता. ग्रॅहमनं ती कापसावर ठेवून माझ्यापुढे धरली.

“घरी नेणार?”

ढोल वाजला. मी रांगेत उभा राहिलो. गवत पहिल्यांदाच वरून बघितलं. बरंच हिरवं असतं. पेटीतलं काडतूस फाडलं, दारू ओतली, कागद ठासला, चाप ओढला.

उडाली. पेटीतलं कुंकू काडतुसाला लागून नळीत गेलं होतं, ते आता गुलाबी ढग होऊन मैदानावर पसरलं. समोरची फ्रेंच फौज लढाई सोडून बघत राहिली. त्यांचा एक कॅप्टन कुणी न सांगता मेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी कमिटी बसली. त्या काळी गुलाबी धूर नव्हता. सबब हा बार बार नव्हे. सबब मी पुढल्या मोसमात पुन्हा गवतात.

आईला फोन केला.

“उडाली ना?” ती म्हणाली. “मग झालं तर.”

पण मला ते झालं असं वाटेना. म्हणून त्याच रात्री कमिटीला अर्ज पाठवला:

‘अर्जदार शार्दूल, हुद्दा मृत, विनंती करतो की, दोनशे वर्षांपूर्वीचा धूर गुलाबी होता असे मागील तारखेपासून मान्य करण्यात यावे, प्रत्येक सैनिकाच्या अधिकृत सामानात एक पंचपाळे समाविष्ट करावे, आणि सदर लढाई अर्जदार उभा असताना, त्याच हवामानात, त्याच फ्रेंचांसह पुन्हा लढण्यात यावी. न सांगता मेलेल्या कॅप्टनची हरकत नसल्याचा दाखला कमिटीने परस्पर मिळवावा.’