टेपखालची चीर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा की, आपल्याला नेमके कुठे दुखते ते तुम्हाला पक्के ठाऊक आहे. समोर तुमचीच माणसे उभी आहेत. पण तुम्हाला तोंडच नाही. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला कळेल.

मी एका जुन्या मोटारसायकलची चासी आहे. चासी म्हणजे सांगाडा. इंजिन, टाकी, चाके, माणसे, सगळ्यांचा भार माझ्यावर. कौतुक मात्र टाकीच्या रंगाचे! कारखान्यात वेल्डरने माझ्या नळ्या जोडल्या, हँडल बसते त्या माझ्या मानेवर नंबर ठोकला आणि मी एका घरी आले. चौदा वर्षे मी त्या घरच्या आजोबांना कामावर नेले आणि आणले.

एके सकाळी कुत्रे आडवे आले. आजोबांनी त्याला वाचवले आणि आम्ही दोघे दगडी कठड्यावर आदळलो. त्यांचा गुडघा सोलवटला. माझ्या मानेला, नंबराच्या अगदी खाली, चीर गेली.

"गाडीला काही झालं असेल तर आजच भंगारात देते," आजी कडाडली.

"छे गं! ओरखडासुद्धा नाही."

दुपारी आजीचा डोळा लागल्यावर आजोबांनी चिरेत लांबी भरली. रंगारी खड्डे बुजवतात तो लगदा म्हणजे लांबी. वर काळा रंग फासला. दिसायला मी ठणठणीत झाले. पण त्यानंतर त्यांनी मला बाहेर काढलेच नाही. "वय झालं आता," असे ते सांगत. खरे कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होते. पुढे आजोबा गेले आणि उरले मी एकटी, छपरीत, ओल्या छत्र्या अडकवायची खुंटी होऊन.

यंदा त्यांच्या मुलाने मला बाहेर ओढले आणि इंजिन, टाकी, चाके काढून मला सुटी केले. त्याची लेक नऊ वर्षांची. डबा असो की भिंत, प्रत्येक वस्तू वाजवून बघायची तिला खोड, म्हणून घरात तिचे नावच टिचकी पडले होते.

"हिला पावडर कोटिंग करून आणू," बाबा म्हणाले. "मग पहिली फेरी तुझी. माझ्या मागे घट्ट धरून बसायचं."

मी आतून हादरले. त्या चिरलेल्या मानेच्या भरवशावर लेकराला बसवणार?

पावडर कोटिंग करताना आधी वाळूचा मारा करून जुना रंग उडवतात, मग रंगाची कोरडी पूड चढवून भट्टीत भाजतात. म्हणून बोल्ट बसतात ते आटे आणि नंबर आधी झाकून ठेवावे लागतात. ते काम टिचकीकडे आले. तिने नंबरावर टेपचे तीन थर दिले, तेही चांगले खालपर्यंत, नखाने दाबून दाबून.

"वा, डॉक्टरीणबाई! काय पट्टी बांधलीत!" बाबा खूश झाले. टिचकी फुलून गेली.

त्या पट्टीखालीच माझी चीर होती. वाळू तिथे पोहोचली असती तर लांबी उडाली असती आणि सगळे उघडे पडले असते. आता वाळू पोहोचणारच नव्हती. मी काय करणार? मला साधे कण्हताही येत नाही.

मला कोटिंगला न्यायला आलेल्या टेम्पोचा हॉर्न दारात वाजला. सवयीने टिचकीने हातातला पाना माझ्यावर वाजवला. टण. टण. टण. मानेवर मात्र, थप.

"बाबा, इथे हिचा आवाज बसलाय."

"वर टेप आहे ना, म्हणून."

तिने मागच्या टोकाला, टेप लावलेल्या जागीच पाना मारला. टण! "टेप तर इथेही आहे. मग ही का वाजते?"

"ताई, गाणं नंतर बसवा," टेम्पोवाले काका हसले. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"पुरे गं टिचकी. उचला हो," बाबा म्हणाले.

त्यांनी मला टेम्पोत चढवले. दाराची चौकट धरून ठेवायला मला हात कुठे आहेत?

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून चकचकीत करू नका. कधी थोड्या वाजवून ऐका. आणि हातून काही मोडले तर ते झाकून ठेवू नका, कुणाला तरी सांगा.

टिचकी मात्र तिथेच उभी होती. तिने एकदा बाबांकडे पाहिले, एकदा आपल्या देखण्या पट्टीकडे. मग ती टेम्पोवर चढली, माझ्या नळ्यांच्या मधोमध फतकल मारून बसली आणि स्वतःच्या हाताने बसवलेल्या त्या टेपचे टोक नखाने उचकटू लागली.