सोमवारचं पीठ

माझी बायको क्रांती गेली, त्यानंतरच्या पाच महिन्यांत मी भाकरी करायला शिकलो आणि माझी मुलगी निशिगंधा साडेपाच किलोंनी वाळली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही.

निशिगंधाला गहू चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नव्हे. गव्हाचा कण पोटात गेला की तिची आतडी संपावर जातात. पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हापासून तिचं खाणं तिच्या आईनं सांभाळलं. मी जिल्हा परिषदेत बांधकाम खात्यात होतो, म्हणजे रस्त्यातले खड्डे सांभाळत होतो. घरातल्या चपात्या बंद झाल्याचं मला चार वर्षांनी कळलं, असं क्रांती पाहुण्यांना सांगायची. साफ खोटं. दोन वर्षांनी कळलं.

दिवसकार्य आटोपलं आणि चौदाव्या दिवशी मी परात काढली. शेजारच्या अंबूबाई शिकवायला बसल्या. पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. दुसरी हप्त्याहप्त्यानं पोचली.

"उकळतं पाणी घाला की. हात भाजायला भिताय व्हय?"

भीत नव्हतो. त्या दिवसांत हात भाजला तरी काही वाटत नव्हतं. कशाचंच वाटत नव्हतं. तेराव्याला सगळे रडत होते, तेव्हा मी मांडववाल्याच्या खुर्च्या रचून ठेवत होतो. अंबूबाईंनी ही बातमी गल्लीभर पोचवली होती.

महिन्याभरात भाकरी फुगू लागली. हुरूप आला, तसा निशिगंधाच्या वाढदिवसाला ज्वारी आणि तांदळाच्या पिठाचा केक कुकरात भाजला. बाहेरून वीट, आतून खीर. खात्यातला माणूस असल्यामुळे मी तो पास केला. निशिगंधानं "छान झालाय" म्हटलं आणि चमच्यानं खाल्ला.

ती मात्र वाळतच होती. बँकेतून आली की पोट धरून आडवी व्हायची. क्रांतीची बहीण शालूबाई गगनबावड्याहून आली, तिच्या गालांकडं बघून म्हणाली, "पोरीचा लई जीव हुता आईवर. बघा कशी झालीया. दाजी मातूर हाईत तसं हाईत."

मी मान डोलावली. घरातलं दुःख पोरीनं एकटीनं उचललंय, असं मलाही वाटत होतं.

अंबूबाईंचं मत वेगळं होतं. "वाईच खपली गहू द्या तिला. त्यो औषधी असतोय."

"तोही गहूच, अंबूबाई."

"पण खपली हाय न्हवं."

शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट खाली ठेवून म्हणाले, "हिच्या पोटात रोज गहू जातोय."

"घरात गहू नाही," मी म्हणालो.

"मग घराबाहेर शोधा."

ज्वारी मी स्वतः निवडलेली होती. परात स्वच्छ, डबे स्वच्छ. राहिली गिरणी. शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुतुबुद्दीनची गिरणी आहे. त्याला विचारलं, "माझ्या पिठात गहू येतोय काय रे?"

"येणारच की, काका. आदल्या गिऱ्हाइकाचं पीठ दगडात ऱ्हातंयच. त्याचं तुमच्यात, तुमचं पुढच्यात. सगळ्या गल्लीचं असंच चालतंय."

"मग क्रांती काय करायची?"

त्यानं मोटर बंद केली. "वैनी सोमवारी यायच्या. गिरणीला सुट्टी असती न्हवं. मी दगड उघडून झाडायचो. मग आधी दोन किलो तांदूळ दळायचा, म्हंजे गव्हाचं काय ऱ्हायलं असंल ते त्यात निघून जायचं. ते पीठ अंबूबाईंना. मग ज्वारी. अकरा वर्सं, दर पंधरा दिसाला."

अंबूबाईंना ते पीठ आपल्या गोड स्वभावामुळे मिळतंय असं वाटायचं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कवा विचारलासा? डबा ठेवून रस्त्यावर जाऊन उभं ऱ्हायचासा. मला वाटलं, पोरीला आता चालत असंल."

घरी येऊन निशिगंधाला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे मी आईमुळे वाळत नव्हते?"

"नाही. माझ्या भाकरीमुळे."

ती भिंतीशीच खाली बसली. मग म्हणाली, "मला रडूच येत नव्हतं, पप्पा. वजन उतरायला लागलं तेव्हा जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यालाही काहीतरी होतंय."

"मला तेही झालं नाही. माझं दीड किलो वाढलं."

ती हसली नाही. मी हसवायला म्हणालोही नव्हतो.

सोमवारी कुतुबुद्दीननं दगड उघडला. ब्रश मी मागून घेतला. खाचाखाचांतून पीठ बसलं होतं, कुणाकुणाच्या घरचं. तासभर झाडत होतो. मग तांदूळ दळला, मग ज्वारी. त्यानंतर एक सोमवार सोडून एक, असं सुरू झालं.

अडीच महिन्यांत निशिगंधाचं वजन चार किलो वाढलं. शालूबाई पुन्हा आली. भाचीकडं नीट बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "इसरली म्हणायची आईला."

मी पुन्हा मान डोलावली. समजावून सांगायचं तर दगड, ब्रश, तांदूळ, सगळंच आलं.

ती गेल्यावर मी पीठ मळायला घेतलं. निशिगंधा समोर येऊन बसली.

"पोट दुखायचं थांबलंय," ती म्हणाली. "आता मला काहीच होत नाहीये, पप्पा."

"किती खाशील?"

तिनं थोडा विचार केला. "दोन."

मी तवा ठेवला.