भरल्या पंगतीत वाढलेली मेमरी

मी मेमरीची पट्टी बोलतेय. वीतभरही नाही माझी लांबी. अंग हिरवं, त्यावर काळ्या चिपा आणि खाली सोनेरी दातांची ओळ. अवसरी बुद्रुकला द्रौपदाबाईंच्या घरात, जुन्या चादरीखाली झाकलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात मी राहते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते सांगता येणार नाही. वीज गेली की आमच्या पोटातलं सगळंच जातं. माणसांची बोलणी तेवढी कशी कोण जाणे, मागे राहतात.

दोन हजार आठ साली राजरत्नने मला आळेफाट्याच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून इथं आणलं. त्याची चुलत बहीण अमृता, द्रौपदाबाईंची मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मला खाचेत दाबताना खट् आवाज झाला, तशी ती दचकून मागे सरली.

"मोडली का रे दादा?"

"बसली. एवढ्याला घाबरती, तर बंगळूरला कशी राहणार राव तू?"

बंगळूरचीच तर तिला धास्ती होती. तिथली एक कंपनी तिला घ्यायला तयार होती, फक्त तिचा प्रोजेक्ट चालता करून दाखवायचा होता. जायचं की नाही, हे तिनं अजून घरात सांगितलं नव्हतं.

प्रोजेक्ट असा होता. कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं दुसरा कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. त्याचं काम चालू असतानाच, त्याला बंद न करता, जास्तीची मेमरी द्यायची. ती जास्तीची मेमरी म्हणजे मी. माझ्यात कुणीतरी काहीतरी ठेवावं, एवढीच माझी आस.

अमृतानं आतलं मशीन सुरू होतानाच पुढच्या मेमरीसाठी रिकामी जागा राखून ठेवली. मग बाहेरून निरोप धाडला. निरोप पोचायचा, मशीनला मी दिसायचीसुद्धा, पण त्याच्या मेमरीचा आकडा काही वाढायचा नाही. मी आपली दारातच उभी. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ व्हायची, यूपीएसची बॅटरी किंचाळायची, अमृता खुर्चीत उडायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एका दुपारी मायलेकी मंचरहून लग्न जेवून आल्या. अमृता तशीच पडद्यासमोर बसली.

"काय करतीस गं एवढं?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"पंगतीत बसलेल्याला न उठवता वाढायचंय, आई. मी वाढते, पण ते जेवतच नाही."

"तुझ्यावानी असंल मग. आज बी बुंदीवाला आला की तुझा हात आडवा. पोटात भूक अन् हात पत्रावळीवर. वर घरी येऊन मला म्हंती, कायतरी खायला दे."

अमृता हसली. मग हसता हसता पडद्याकडे वळली.

तिनं वाढणाऱ्याचं सगळं लिहिलं होतं, जेवणाऱ्याचं राहून गेलं होतं. दिलं की ते घेतलं जाणारच, असं ती धरून चालली होती. आलेली मेमरी वापरायला घे, हे आतल्या मशीनला वेगळं सांगावं लागतं.

तिनं ते लिहिलं आणि बटण दाबलं. चालतं मशीन क्षणभरही थांबलं नाही आणि मी आत गेले. पहिल्यांदाच माझ्यात काहीतरी भरत होतं. पडद्यावरचा आकडा वाढला.

"आई, घेतलं गं त्यानं."

"अन् तू?"

अमृता आपल्या हाताकडे बघत राहिली. "मी पण घेते. बंगळूरला जाते."

"जा की. मी काय तुझा हात धरलाय व्हय?" असं म्हणत द्रौपदाबाई पदरानं पडदा पुसायला लागल्या. पडद्यावर तेव्हा धूळ नव्हती.

एक काम मात्र उरलं. चालत्या मशीनमधून दिलेली मेमरी परत काढून घेण्याचं. ते लई अवघड, कारण तोवर त्याचा संसार तिच्यात मांडलेला असतो. "ते नंतर बघू," अमृता म्हणाली आणि बंगळूरला गेली. तिथं तिला नवं मशीन मिळालं.

आता दर रविवारी द्रौपदाबाई चादर काढतात आणि कॉम्प्युटर सुरू करतात. बंद ठेवला तर ओल धरंल, असं लेक सांगून गेलीय. आतलं मशीन कुणी सुरू करत नाही. मी जवळजवळ रिकामीच असते. त्या समोर बसून फोन लावतात.

"जेवलीस का?"

"जेवले. मेसमध्ये आज दोनदा मागून घेतलं."

द्रौपदाबाई हसतात. फोन ठेवल्यावर पुन्हा पदरानं पडदा पुसतात, मग बटण बंद करतात. अंधार होण्याआधी मला एवढंच म्हणायचं असतं : अमृता, दिलेलं परत घ्यायचं तेवढं तुझं लिहायचं राहिलंय. सुट्टीत ये आणि बघ जमतंय का. तुझ्या आईला आणि मला, आम्हा दोघींना तर अजून जमलेलं नाही.