सुमित्राकाकूंचं थर्टी-टू

अरे ऐका ना, आधीच क्लिअर करतो, मी कशालाही हात लावला नाही. पूर्ण दीड तास दुकानात हात खिशात घालून उभा होतो. एफ-वन स्टुडंट व्हिसावर बंदूक नुसती धरली तरी लफडं होऊ शकतं, कॉलेजच्या ओरिएंटेशनलाच सांगितलं होतं. सुशांत, तू तेव्हा फ्री पिझ्झा खात होतास. म्हणजे अख्ख्या चँडलर गावात पिस्तूल निवडायला सगळ्यात बिनकामाचा माणूस कोण, तर मी. आणि काका-काकूंनी मलाच बोलावलं. का, तर राजस मेकॅनिकलचा आहे आणि त्याला एक्सेल येतं.

तर प्रल्हादकाका आणि सुमित्राकाकू. अबोली, तुला नसतील माहीत. काका माझ्या बाबांचे कॉलेजचे मित्र, इथे आलो तेव्हा पहिला महिना मी त्यांच्याकडेच पडलेलो. काका चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झाले, दोघंही इथले सिटिझन आहेत. काकू एकसष्ट वर्षांच्या, कोल्हापूरच्या, आणि गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी दहाला शूटिंग रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडतात. हॉबी. कुणाशी वैर वगैरे नाही. शेजारच्या लतिकामावशी झुंबाला जातात, ह्या इकडे.

प्रॉब्लेम होता अंगठ्याचा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आर्थ्रायटिस. आणि रेंजवर भाड्याने देतात ती सगळी नाइन एमएम. त्या पिस्तुलाचा वरचा भाग असतो ना, स्लाइड, तो खसकन मागे ओढून सोडला की पहिली गोळी आत बसते. काकूंना ते ओढवत नाही. मॅगझिनमध्ये गोळ्या दाबून भरायच्या, तेही अंगठ्यानेच. मग काय, गोळ्या काका भरणार, स्लाइड काका ओढणार, तयार पिस्तूल बाकावर ठेवणार, आणि काकू फक्त झाडणार. मध्येच अडकलं की परत काका.

गाडीत मला काकू म्हणाल्या, "राजस, मला असं वाटतं की कुणीतरी मला घास भरवतंय."

काका ड्राइव्ह करत होते. ते म्हणाले, "भरवतोय तर खा की."

"मला दात आहेत, अहो."

म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरलं. अट एकच. भरायचं, झाडायचं, रिकामं करायचं, सगळं माझं मला. असं काही मिळालं तर ठीक, नाहीतर शनिवार बंद. कायमचा. आणि यार, काकू असं बोलतात तेव्हा करतात. दहा वर्षांपूर्वी टीव्ही बंद म्हणाल्या, तो अजून बंदच आहे. वर फर्न ठेवलंय.

आता काकांची तयारी सांगतो. तीन आठवडे त्यांनी माझ्याकडून एक्सेल करून घेतलं. एकतीस पिस्तुलं, बावीस कॉलम. वजन, लांबी, वॉरंटी, रीसेल, सर्व्हिस सेंटर किती मैलांवर, रिव्ह्यू किती आणि त्यातले रागावलेले किती. प्रत्येक कॉलमला वेटेज. त्यात 'गोळ्या सगळीकडे मिळतात का' ह्याला काकांनी चाळीस टक्के दिले. मग काय होणार, कसंही सॉर्ट करा, वरती नाइन एमएमच. मी फॉर्म्युला तीनदा चेक केला. फॉर्म्युला बरोबर होता.

काका म्हणाले, "नाइन एमएम म्हणजे कॅमरी गाडी. कुठेही बंद पडली तरी पार्ट मिळतो. उगाच वेगळं काही घेऊन बसायचं नसतं."

दुकानात गेलो. आपल्या किराणा दुकानाच्या चौकातच आहे ते, एका बाजूला डेंटिस्ट, एका बाजूला टॅकोवाला. काउंटरवर डग नावाचा माणूस, पांढरी दाढी, एकदम शांत. काकांनी एक्सेलची प्रिंट त्याच्यासमोर पसरली. चार पानं, सेलोटेपने जोडलेली. डगने चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाला, तीस वर्षांत असं कुणी आणलं नव्हतं. काकांना ती तारीफ वाटली. मला अजून खात्री नाही.

मग काकूंनी चष्मा काढला आणि त्या प्रिंटवर वाकून बोट फिरवत बसल्या. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडून.

"राजस, तो कॉलम कुठाय?"

"कुठला, काकू?"

"मला एकटीला जमतं का, तो."

अरे, नव्हता. बावीस कॉलम, आणि तो नव्हता. मी काकांकडे बघितलं, काका छताकडे. छताला एक पंखा होता, बंद.

काकूंनी पेन मागितलं. तेविसावा कॉलम हाताने आखला आणि म्हणाल्या, चल, एकेक दाखव म्हणावं. डगने एकेक काढायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी आधी रिकामं आहे ते उघडून दाखवायचा, मग काकूंच्या हातात. आणि सोबत सरावाच्या प्लॅस्टिकच्या खोट्या गोळ्या. नाइन एमएम, पहिलं, फुली. दुसरं, फुली. एक होतं खास हलक्या स्लाइडचं, त्याची काकूंनी ओढून दाखवली पण! काका लगेच म्हणाले, "झालं, हेच." काकू म्हणाल्या, थांबा. मग त्याचं मॅगझिन भरायला घेतलं. तिसऱ्या खोट्या गोळीला त्यांचं तोंड असं झालं ना, मी तिकडे बघणंच सोडलं. फुली.

दुकानात होती तेवढी अकरा, अकरा फुल्या. काकू पेन बंद करून नुसत्या उभ्या राहिल्या. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरलेला. मला वाटलं गेला शनिवार.

तेव्हा डग म्हणाला, एक आहे, तुमच्या लिस्टमध्ये नाही, आणि सहसा कुणी विचारत नाही. खालच्या खणातून काढलं. रिव्हॉल्व्हर. काळपट स्टीलचं, लाकडी मूठ, चांगलं जड. थर्टी-टू कॅलिबर. म्हणजे गोळी नाइनपेक्षा बारीक आणि धक्का कमी, वर ते जड असल्यामुळे अजून कमी. स्लाइड नाही, मॅगझिन नाही. बाजूचं बटण दाबलं की गोल चक्र बाहेर येतं, त्याला सहा भोकं.

काकू त्यात बघून म्हणाल्या, "हे तर आप्पेपात्र आहे."

आणि एकेक खोटी गोळी वरून सोडली. दाबायची नाही, नुसती सोडायची. सहा. चक्र बंद केलं. डगला विचारून, समोरच्या भिंतीकडे रोखून, तर्जनीने ट्रिगर ओढला. जरा जड होता, पण तर्जनीला काही झालेलं नाहीये. सहाही वेळा ओढला. मग चक्र उघडून तळहाताने दांडी दाबली, सहाच्या सहा काउंटरवर टपटप. अंगठ्याला फक्त ते बटण. काकूंनी परत भरलं. परत रिकामं केलं. परत भरलं. डग दाढी खाजवत उभा.

काका म्हणाले, "गोळ्या मिळतात का ह्याच्या? विचार त्याला."

विचारलं. डग प्रामाणिक माणूस. म्हणाला, सगळीकडे नाही मिळत, मागवायला लागतात.

"ऐकलंस?" काका. "मागवायला लागतात."

काकूंनी रिव्हॉल्व्हर उघडंच बाजूला ठेवलं. "अहो, आपल्याकडे कांदा-लसूण मसाला कुठून येतो?"

"कोल्हापूरहून."

"इथे मिळतो?"

"मिळतो. तो मसाला नाही."

"इथल्या अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी संपलाय?"

काकांनी खरंच विचार केला हां. इंजिनिअर माणूस, डेटा आठवत होते. "वीस साली संपत आला होता. लॉकडाउनमध्ये."

"संपला का?"

"नाही."

"का नाही संपला?"

"तू दोन वर्षांची बेगमी करून ठेवली होतीस."

"मग?"

डगने मला विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं, मॅडमना सप्लाय चेनचा अनुभव आहे. तो म्हणाला, छान. मग म्हणाला, तसंही वीस साली माझ्याकडे पहिलं नाइनचंच शेल्फ रिकामं झालं होतं, ह्या बारक्या गोळ्यांचे डबे मात्र तसेच पडून होते. हे मी काकांना ट्रान्सलेट केलं. त्यांना इंग्लिश येतं, तरी केलं.

काका प्रिंटची घडी घालायला लागले.

पेपरवर्क झालं, बॅकग्राउंड चेक आला, सही काकूंची. येताना काकांनी ती प्रिंट डॅशबोर्डच्या खणात कोंबली. मला वाटलं रुसले. एक्सेल पडलं ना शेवटी.

काल शनिवार. पहिला. मी रेंजच्या काचेच्या अलीकडे, मला आत जायचंच नव्हतं. काकू लेनवर, काका त्यांच्या मागे एक पाऊल, नेहमीसारखे. काकूंनी भरलं, झाडलं, उघडलं, रिकामं केलं, परत भरलं. काकांचा हात दोनदा पुढे गेला आणि मागे आला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, साइटवर इन्स्पेक्शनला आल्यासारखे. पंधरा मिनिटांनी बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले.

"बरं जमतंय तिला."

"हो ना काका."

"चार वर्षं स्लाइड मीच ओढत होतो."

"हो."

"आता मी काय करू?"

अरे, खरंच विचारत होते! मी म्हटलं, तुम्हीपण झाडा की. तर म्हणे, मी कधी झाडलेलीच नाही. चार वर्षं! दर शनिवारी! हजारो गोळ्या भरल्या असतील त्या माणसाने, आणि एक झाडली नाही. मी म्हटलं का? म्हणाले, कोणी विचारलं नाही.

गेले, नाइन भाड्याने घेतलं, पाच लेन सोडून उभे राहिले. भरलं काय झकास! स्लाइड काय ओढली! रेंजवाल्याने मान डोलावली. मग झाडलं. दहा गोळ्या, समोर सात यार्डावर कागद, कागद कोरा. एकही भोक नाही. परत भरलं, परत कोरा.

काकू पाणी प्यायला बाहेर आल्या. मी म्हटलं, "काकू, जरा सांगा ना त्यांना, हात हलतोय बहुतेक."

काकूंनी काचेतून बघितलं. बराच वेळ. बाटलीचं झाकण लावलं.

"कोणी काही सांगायचं नाही. त्यांचं त्यांना करू दे."

आणि गेल्या आत. तिसऱ्या मॅगझिनला कागदाच्या अगदी कोपऱ्यात एक भोक पडलं. काकांनी वळून काकूंच्या लेनकडे बघितलं. काकूंनी ते भोक बघितलं होतं, मी पाहिलं ना, पण लगेच मान खाली घालून चक्रात गोळ्या सोडत बसल्या.

निघताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पुढच्या शनिवारी नेहमीसारखी एकच लेन?

काका काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "दोन. लांब लांब असल्या तरी चालतील."