सत्तावीस गाठी

"शिगे आहे का?"

टोफूच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून मी उभी होते. वर पाहिलं तर दारात मुरातांची म्हातारी. काखेत पांढऱ्या कापडाची घडी. आमच्या दुकानावरून जायची वेळ आली की ही बाई रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हेच बघत होते. आज ती आमच्या पायरीवर उभी होती.

"आहेत. आत चोथा पिळतायत. बोलावू?"

"बोलाव. घाई नाही म्हणा." मग जरा थांबून, "म्हणजे, आहे."

शिगे म्हणजे माझ्या वन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सात वर्षांपूर्वी याच म्हातारीनं त्यांना माहेरी धाडलं होतं.

झालं होतं ते असं. वर्षांना पाळीपाळीनं बारा प्राण्यांची नावं असतात; वन्संचा जन्म वाघाच्या वर्षातला. वाघ कितीही लांब गेला तरी आपल्या जागी परतून येतो, म्हणून वाघाच्या वर्षातली मुलगी सासरी टिकत नाही, असं आमच्याकडे मानतात. तरीही मुरातांच्या इसाबुरोनं हट्टानं केली. दुसऱ्या वर्षी वन्संची आई आजारी पडली. वन्सं चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि आई जाईपर्यंत राहिल्या. तेवढं निमित्त पुरलं. म्हातारीनं सुनेची पेटी हातगाडीवर घालून पाठवून दिली. गाडीवाल्याबरोबर निरोप एवढाच, की वाघीण घरी पोचली, आता तिथंच राहू दे. इसाबुरो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्यानं सशाच्या वर्षातली मुलगी केली.

त्यानंतर त्या घराचा आणि आमचा व्यवहार तुटला. आमच्या गल्लीत शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर दोन आगकाड्या तरी घालतात. मुरातांकडून सात वर्षांत एक वाटी आली नव्हती आणि आमच्याकडून एक गेली नव्हती.

आणि मग रशियाशी लढाई सुरू झाली.

आमचं दुकान हिरोशिमाहून उजिना बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पलटणी आमच्या दारावरूनच जहाजावर चढायला जायच्या. लढाईला जाणाऱ्याच्या पोटाला बांधायला हजार बायकांनी एकेक लाल गाठ मारलेला पट्टा द्यायचा, अशी रीत त्या वर्षी सगळीकडे पसरली. बाकीच्या बायकांनी एकच गाठ मारायची. वाघाच्या वर्षातल्या बाईला मात्र वयाइतक्या गाठी मारायची मुभा, कारण वाघ परत येतो. वन्संना तेव्हा सत्ताविसावं लागलेलं.

ज्या गुणापायी घर सुटलं, त्याच गुणासाठी लोक आता दारात रांग लावायला लागले. लग्नाकार्यात ज्यांनी वन्संना कधी बोलावलं नाही त्या बायका सकाळपासून कापडं घेऊन उभ्या. एका कप्तानाची बायको तर माणसानं ओढायच्या रिक्षातून आली. माझा नवरा तोकुजी म्हणायचा, "ताई, तू गाठी मार, मी टोफू विकतो. दोघांचं मिळून सरकारला काय ते देऊ." तो स्वतः लढाईला गेला नव्हता. उंचीत अर्धं बोट कमी भरला होता. गल्लीतली पोरं त्याला 'अर्धं बोट' म्हणूनच हाक मारायची आणि मी रोज रात्री त्या अर्ध्या बोटाला नमस्कार करायची.

तर त्या दिवशी वन्सं कमरेच्या फडक्याला हात पुसत बाहेर आल्या. काय म्हणून हाक मारावी ते न कळून त्यांनी हाकच मारली नाही. नुसत्या वाकल्या.

म्हातारीनं कापड पुढे केलं. "इसाबुरोला बोलावणं आलंय. परवा निघायचंय."

"ठेवून जा. उद्या सकाळी न्या."

"नको. मी बसते."

"एवढ्या गाठींना वेळ लागेल."

"लागू दे. मला काय काम आहे?"

वन्संनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी सैल मारीन असं वाटतं तुम्हाला?"

म्हातारीनं खोटं बोलण्याचे कष्ट घेतले नाहीत. "मी तुझ्या जागी असते तर मारली असती," ती म्हणाली.

"मग या, उजेडात बसा. तिथून नीट दिसायचं नाही."

दोघी पायरीपाशी समोरासमोर बसल्या. वन्सं सुईला लाल दोरा दोनदा गुंडाळायच्या, ओढायच्या, अंगठ्यानं दाबायच्या. म्हातारी ओठ हलवत मोजायची. माझी सातो तेव्हा नुकती रांगायला लागली होती. ती दोऱ्याच्या रिळाकडे सरकली. मी तिला उचलायला गेले, तर म्हातारीनंच तिला मांडीवर घेतलं आणि डोळा सुईवरून न काढता थोपटत राहिली.

"घरचा नातू केवढा झाला?" वन्संनी मान खाली घालूनच विचारलं.

"पाचवं लागलं. बापासारखाच आहे. तोंडातून शब्द काढायला जोर पडतो."

वन्सं हसल्या की काय मला दिसलं नाही.

शेवटची गाठ झाली. म्हातारीनं प्रत्येक गाठ नखानं ओढून पाहिली. एकही हलली नाही. तिनं कापडाची घडी केली, कपाळाला लावली आणि गेली.

त्या दिवशी कढईखालची राख काढताना वन्सं म्हणाल्या, "किनु, तो परत आला पाहिजे."

"अजून जीव आहे का हो त्यांच्यावर?"

"तसं नाही गं. माझ्या या वाघपणानं माझं घर गेलं. त्याच वाघपणामुळे एक तरी माणूस त्याच घरात परत आलं, तर मग मला काही म्हणायचं नाही."

पुढचं वर्ष कंदिलांचं. एकेक किल्ला पडला की संध्याकाळी गावभर कागदी कंदिलांची मिरवणूक निघायची. सातो माझ्या पाठीवरून दोन्ही हात वर करून 'बान्झाई'चा जयघोष करायला शिकली, 'आई' म्हणायच्या आधी. शाळेचे मोरिवाकी मास्तर आमच्या बाकावर टोफू खात वर्तमानपत्र वाचून दाखवायचे.

"पन्नास वर्षांपूर्वी आपल्याला कुणी ओळखत नव्हतं, तोकुजी. परक्यांची चार जहाजं आली तर घाबरगुंडी उडाली होती. आज लंडनच्या पेपरात पहिल्या पानावर आपण. मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीत पाट मिळाला आपल्याला."

"पाट मिळाला ते बरं झालं मास्तर. पण सोयाबीन महाग, मीठ सरकारच्या ताब्यात, तंबाखूवर कर. पंगतीचा खर्च माझ्याकडूनच वसूल करतायत वाटतं."

"मोठं व्हायचं म्हणजे सोसावं लागतं."

"मी अर्धं बोटसुद्धा मोठा झालो नाही," तोकुजी म्हणाला, आणि मास्तरांना टोफूसकट ठसका लागला.

मंचुरियात मुकदेनची मोठी लढाई जिंकली त्याची मिरवणूक झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी मुरातांच्या दाराला काळी फीत लागली. इसाबुरो तिकडेच राहिला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली, पण आत काय होतं ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. निघण्यापूर्वी इथंच छावणीत कापून ठेवलेले केस आणि नखं. तिकडून काही म्हणजे काही आलं नव्हतं.

अंत्यविधीच्या दिवशी वन्संनी नेहमीसारखा टोफू केला. फक्त एक वडी कापताना वाकडी गेली. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि कुणाला विकली नाही.

कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नाही. टाकून दिलेल्या बायकोकडून गाठी मारून घेतल्यावर दुसरं काय होणार? सैल मारल्या असणार. मनात विष ठेवून मारल्या असणार. वन्संच्या गाठींचे कितीतरी जण धडधाकट परतलेही होते, पण त्यांचं नाव कुणी काढेना. कापडं घेऊन येणाऱ्या बायका आधी कमी झाल्या, मग थांबल्या. बंदरावरच्या एका विधुर कारकुनाचं स्थळ वन्संना सांगून आलं होतं. मध्यस्थ बाई एक दिवस येऊन म्हणाली, "त्यांच्या आईला वाघाचं वर्ष जमत नाही म्हणतात."

"युद्धात जमत होतं," मी म्हटलं.

"आता शांतता आहे ना," ती म्हणाली. खरंच होतं. तह झाला होता.

एकच माणूस या सगळ्यावर तोंड उघडू शकलं असतं. सगळ्या गाठी तिच्या डोळ्यांदेखत बसल्या होत्या. पण म्हातारी पुन्हा पलीकडच्या कडेनं जायला लागली होती. सशाच्या वर्षातली सून नातवाला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. म्हातारी एकटी राहिली. मी एकदा चिडून म्हटलं, "मी जाऊन विचारते तिला."

"नको," वन्सं म्हणाल्या. "तिला कुणावर तरी राग ठेवू दे. देशावर कसा ठेवेल?"

त्यालाही दोन वर्षं झाली. सातो आता दुकानभर पळायची आणि पाठीवर धाकटा. शरद ऋतूत एकदा तोकुजी बंदरावरून भलंमोठं पोतं घेऊन आला.

"ताई, बघ कसे टपोरे आहेत. आणि किती स्वस्त. मंचुरियाचं सोयाबीन. आता तिथली रेल्वे आपली ना. व्यापारी म्हणाला, मुकदेनकडचा माल आहे."

मोरिवाकी मास्तरांनी एक दाणा हातात घेऊन उजेडात धरला. "हे बघा. एवढ्यासाठीच तर मोठं राष्ट्र व्हायचं असतं."

वन्संनी पोतं ओढून घेतलं. त्यांनी दाणे धुवायला घेतले. पोत्यात माती बरीच होती. पहिलं पाणी गढूळ निघालं. ते आम्ही गटारात ओततो. मी ओतायला वाकले तर वन्संनी माझा हात धरला.

त्यांनी ते पाणी टोफू गाळायच्या धुतल्या कापडातून गाळलं. कापडावर काळसर चिखल राहिला. दोन दिवस तो फळीवर वाळवला. सातोनं बोट लावलं तर तिला म्हणाल्या, "हळू. ते कुणाचं तरी आहे." मग एका छोट्या वाटीत ती चिमूटभर माती भरली, वर कागद बांधला आणि भरदुपारी मुरातांच्या घरी निघाल्या.

"वन्सं, अहो, केवढा तो मुलूख. ही माती त्याच जागेची कशावरून?"

"नसेलही," त्या म्हणाल्या. "पण पेटीत तर तिकडचं काहीच नाही."

लगेच परतल्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वाटी घेतली. दार लावलं."

आठवडा गेला. मग एका सकाळी, दुकानात चार बायका उभ्या असताना, म्हातारी रस्ता ओलांडून आली. खूप वाळली होती. बायका बाजूला सरल्या. ती पायरी चढली आणि कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "गाठी घट्ट होत्या. मी समोर बसून मोजल्या होत्या. एकेक ओढून पाहिली होती."

मग तिनं वाटी फळीवर ठेवली आणि आपलं भांडं पुढे केलं. "एक टोफू दे, शिगे. मऊ दे. दात राहिले नाहीत."

वन्संनी वडी कापली, ओंजळीत पेलून तिच्या भांड्यात सोडली. वडी सरळ निघाली होती.

ती गेल्यावर मी वाटी उचलली. स्वच्छ धुतलेली होती. आत दोन आगकाड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धाकट्याला पाजत बसले होते. अंधारात वन्संनी फळीवर हात फिरवून वाटी चाचपली, तिच्यातली एक काडी ओढली आणि मुकदेनच्या दाण्यांची कढई चढवून चूल पेटवली. दुसरी काडी त्यांनी वाटीतच राहू दिली.