गाडीने दिलेला कौल

गाठोनीचं सॉफ्टवेअरविषयी एक ठाम मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते सांगायची. मत असं, की कुठलंही सॉफ्टवेअर गरज नसते तेव्हा झकास चालतं. नैरोबीत गाड्यांसाठी ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत ती तपासनीस होती. दुसऱ्यांनी महिनोन्‌महिने खपून बनवलेली वस्तू हातात घ्यायची आणि ती कशी मोडेल हे शोधायचं, याचा तिला पगार मिळे. खरं सांगायचं तर पगार नसता मिळाला तरी तिने तेच केलं असतं. नेट बंद करून बघ, बॅटरी संपवून बघ, ओल्या हाताने दाबून बघ. ती समोरून येताना दिसली की बनवणारी पोरं दुसऱ्या जिन्याने उतरत.

ही खोड ऑफिसात संपत नसे. गॅस बंद केला की ती परत जाऊन बघे. घराचं कुलूप ओढून बघे. गाडीने टक्‌ आवाज करून लॉक झाल्याचं सांगितलं, की दाराची मूठ दोनदा ओढे. एकदा ओढून तिचं समाधान होत नसे.

अशा बाईने प्रेमात पडावं ते मुसेम्बीच्या! मुसेम्बी माचाकोसचा, कांबा जमातीचा. नव्या गाड्या आणि फोन वापरून बघायचे आणि त्यांच्यावर मतं द्यायची हा त्याचा धंदा, आणि त्याची मतं ऐकायला अर्धा देश फोनला चिकटलेला असे. माणूस गोड, दिलदार, पण यंत्राच्या बाबतीत भाबडा. स्वतःची गाडी तर त्याने अशी घेतली होती की तिला किल्लीच नव्हती. बोटातली अंगठी हीच किल्ली. अंगठी जवळ आली की गाडी दिवे मिचकावी, दुमडलेले आरसे उघडी आणि लॉक सोडी. अंगठी दूर गेली की आरसे मिटून स्वतःला टक्‌कन लॉक करून घेई. अशी दुसरी अंगठी त्याने गाठोनीला लग्नाची मागणी घालताना दिली.

"सोन्याची सगळेच देतात," तो म्हणाला होता.

"सोन्याच्या अंगठीला अपडेट लागत नाही," गाठोनी म्हणाली. पण घातली.

मध्यंतरी दोघं तिच्या गावी न्जाबिनीला निघाले असताना या गाडीने प्रताप दाखवलाच. किनान्गोपच्या चढावर, धुक्यात, दोघं मका खायला उतरले आणि गाडीने ठरवलं की आता कंपनीला विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. नेटवर्क तर डोंगराच्या पलीकडे. दोन तास दोघं कुडकुडत मक्याची कणसं खात बसले आणि येणारेजाणारे मोटारसायकलवाले दात काढत गेले. मुसेम्बीचं म्हणणं एकच, "पुढच्या अपडेटमध्ये हे सुधारतील."

"हो, आणि निवडणुकीनंतर आमचा रस्ताही," गाठोनी म्हणाली.

शेवटी त्यांना आणायला आली न्याकियो आत्या, आपली बटाट्यांची पिकअप घेऊन. आत्या म्हणजे गाठोनीच्या वडिलांची थोरली बहीण. घरात वडील बोलत, पण ठरवी आत्या. तिची पिकअप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. "माझी गाडी दगा देणार हे मला ठाऊक असतं," ती मुसेम्बीला म्हणाली, "म्हणून मी ती उतारावरच लावते. तुझी कधी दगा देईल ते तिलाही ठाऊक नाही. सांग, भरवशाची कुठली?" मुसेम्बीने तोंडातला मका बराच वेळ चावला.

एवढं सगळं होऊनही गेल्या शनिवारी न्जाबिनीला लग्नाचा दिवस उजाडला. आमच्याकडे खांदा कापल्याशिवाय लग्न लागत नाही. भाजलेल्या बोकडाचा खांदा नवरा-नवरीने एका सुरीने सांध्यावर कापायचा, मग ती त्याची आणि तो तिचा. पण त्याआधी नवऱ्याने नवरी ओळखायची असते. पाचसहा बायकांना डोक्यापासून पावलांपर्यंत लेसोत, म्हणजे रंगीत सुती चादरीत, गुंडाळून अंगणात आणतात आणि नवऱ्याने त्यातून आपली निवडायची. चुकला तर दंड, आणि जन्मभराची चेष्टा. बहुतेक घरांत दंड बोकडावर भागतो.

आत्याने मात्र सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आमच्याकडे एकच संधी. चुकला तर आज खांदा कापायचा नाही. पुढच्या वर्षी या, तोवर पोरीकडे नीट बघून घ्या."

मुसेम्बीचे काका चहाचा कप हातात धरून हसले. "बाई, एवढं कडक कशाला? थंडी आधीच आहे."

"काका, माझ्या नवऱ्याने मला ओळखलं ते माझ्या चुलतभावाच्या खोकल्यावरून. त्याला चार पैसे चारले होते. पुढे जन्मभर मी कोण हे त्या माणसाला कळायला कुणाला तरी खोकावं लागायचं."

सगळे हसले, आत्या मात्र हसली नाही. काकांनी भावाकडे, मुसेम्बीच्या वडिलांकडे, बघितलं, मान डोलावली, आणि अट मान्य झाली.

आतल्या खोलीत गाठोनीला हे कळलं. वर्षभर थांबायला ती घाबरत नव्हती. पण हा माणूस आपल्याला ओळखतो का, हा प्रश्न तिने कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता, आणि आता तो भर अंगणात, दोन गावांसमोर सुटणार होता. मुसेम्बीला तिची झोप किती झाली हे घड्याळ सांगे, ती घरी पोचली हे फोन सांगे. यातलं काही नसताना त्याला तिच्याबद्दल काय ठाऊक आहे?

आत्या टोपली घेऊन आत आली. "घड्याळं, बांगड्या, अंगठ्या, सगळं यात टाका. चपलाही. पायांत सगळ्यांनी हे गमबूट घाला."

"आत्या, गमबूट? लग्नात?"

"लग्नातच. पाय ओळखून पास होणारे मी पुष्कळ बघितलेत. अंगठी काढ."

गाठोनीने अंगठी काढून टोपलीत टाकली. आत्याने खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात मुसेम्बीचा मित्र मुतिसो मुसेम्बीची अंगठी घालून त्याची ती बिनकिल्लीची पांढरी गाडी पुढे-मागे करत होता. शेवटी त्याने ती बरोबर त्या वाटेच्या कडेला आणून उभी केली, जिथून बायका चालत जाणार होत्या.

"सावलीत लावतो म्हणाला," आत्या पुटपुटली. "इथे सकाळपासून सूर्य कुणी बघितलाय?"

पाणी कुठे मुरतंय हे आत्याला सांगावं लागत नसे. तिने टोपलीत हात घातला आणि काहीतरी उचललं. मग एक जादा लेसो घेऊन तो स्वतःच्याच डोक्यावरून ओढला. "मी पण येते रांगेत," ती म्हणाली.

बाहेर बायकांनी गाणं धरलं. सहाजणी, एकीमागे एक, थोडं अंतर ठेवून निघाल्या. गाठोनी चौथी होती. लेसोच्या आतून तिला ओली माती, स्वतःचे गमबूट आणि पुढचीच्या लेसोची किनार एवढंच दिसत होतं. वाट वळली. उजवीकडे पांढरा पत्रा आला.

आणि तिला तो आवाज ऐकू आला. आरसे उघडण्याचा. दिव्यांचा उजेड ओल्या मातीवर दोनदा चमकून गेला.

क्षणभर तिला कळेना. मग एकदम सगळं कळलं, कारण असल्या गोष्टी कळण्याचाच तिला पगार मिळत होता. गाडी इथे का लावली, मुतिसो एवढा का खटपटला, आणि मुसेम्बी सकाळपासून इतका निर्धास्त का होता. तो तिला ओळखणारच नव्हता. गाडी ओळखणार होती. तो नुसता गाडीच्या कौलाप्रमाणे येऊन उभा राहणार होता. आणि गाडीने कौल दिला होता तो पुढच्या बाईला, तिसरीला. अंगठी कुणाच्या बोटात आहे हेही तिला तेव्हाच उमगलं. आत्या चोरावर मोर निघाली होती.

गाठोनीला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. पुढची तिसरी लांब गेली, गाडीने आरसे मिटले आणि टक्‌कन लॉक झाली. त्यानंतरची चार पावलं गाठोनी कशी चालली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने मनात निकाल लावून टाकला होता. गाडी चुकली नव्हती. गाडीला अंगठी ओळखायला सांगितलं होतं आणि तिने अंगठी बरोबर ओळखली होती. नापास झाला होता तो माणूस.

सहाजणी रांगेत उभ्या राहिल्या. गाणं थांबलं. मुतिसोचा आवाज आला, कुजबुज म्हणून केलेला पण अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा, "तिसरी! अरे, तिसरी!"

मुसेम्बीचे तपकिरी बूट चिखलातून येताना दिसले. पहिलीपुढून गेले. दुसरीपुढून गेले. तिसरीसमोर थांबले. गाठोनीने डोळे मिटून घेतले. आता तो आत्याचा हात धरणार, अंगण हसून लोळणार, आणि खांदा तसाच निवून जाणार.

कुणी हसलं नाही. तिने डोळे उघडले तर तपकिरी बूट तिच्या गमबुटांसमोर होते.

"ही," मुसेम्बी म्हणाला.

"नीट बघ हो जावईबापू," तिसऱ्या लेसोतून आवाज आला. "एकच संधी आहे. तुझ्या गाडीने तर वेगळंच सांगितलं."

मुसेम्बी तिसऱ्या लेसोकडे वळला. मग म्हणाला, "आत्याबाई, तुमच्यापाशी खोटं बोलून चालायचं नाही. गाडी मीच तिथे लावायला सांगितली होती. घाबरलो होतो. पुढचं वर्ष फार लांब वाटलं मला."

"मग गाडीचं ऐकत का नाहीस? तुझी लाडकी ती."

"गाडी बिचारी अंगठी ओळखते. पण ती लॉक झाल्याचा आवाज आला, आणि मागून येणाऱ्या बाईने लेसोतून हात बाहेर काढून दाराची मूठ ओढली. दोनदा. कुणाला दिसू नये म्हणून चोरून नाही, लपवायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. आता सांगा, आत्याबाई, गमबूट घालून, चादरीत गुंडाळून, स्वतःच्या लग्नात माझ्या गाडीवर अविश्वास दाखवणारी बाई अख्ख्या केनियात दुसरी कोण असणार?"

अंगणात हशा उसळला. बायकांनी असा काही आरोळ्यांचा गजर केला की शेजारच्या मळ्यातल्या गाई हंबरायला लागल्या. आत्याने डोक्यावरचा लेसो भिरकावला आणि अंगठीचं बोट सगळ्यांना दाखवलं.

"ओळखलं ते बरोबर," ती म्हणाली, "पण लबाडी केलीस त्याचा दंड आहेच. एक मेंढा. आणि सोमवारी माझे बटाटे नैरोबीच्या बाजारात जाणार ते तुझ्या गाडीतून."

"आत्याबाई, आतल्या सीट पांढऱ्या आहेत!"

"बटाटे धुऊन देते."

मुसेम्बीने गाठोनीच्या तोंडावरचा लेसो उचलला. तिचा चेहरा रडून ओला झालेला आणि नाक लाल. तो घाबरला. "काय झालं? चुकलो का मी?"

गाठोनीला खोटं बोलता येत नसे, निदान तपासणीच्या बाबतीत तरी. "मी तुला नापास केलं होतं," ती म्हणाली. "आरसे उघडले त्या क्षणीच. मनात सगळं संपवून टाकलं होतं."

तो हसत होता, पण कुठेतरी लागलं होतं.

"गाडीची मूठ दोनदा ओढतेस," तो हळूच म्हणाला. "आणि मला एकदाच?"

मागे काका सुरी घेऊन कधीचे उभे होते, खांदा निवत चालला होता, आणि आत्या "चला, चला" म्हणून ओरडत होती. गाठोनीने त्याचा हात घट्ट धरला आणि ओढून बघितला. मग परत एकदा ओढला. तो जागचा हलला नाही.

"चल," ती म्हणाली, आणि सुरीकडे निघाली.